दिवाळीच्या धामधुमीत बायपोलर आजार कसा सांभाळावा?

आपण लिहिले आहे की दीड वर्षापूर्वी बायपोलरचे निदान झाले, गोळ्या नियमित चालू आहेत, मात्र यंदा दिवाळीला घरी पंधरा-वीस पाहुणे येणार असल्याने मागच्या वर्षीसारखे पुन्हा बिघडेल अशी धास्ती वाटते. मी नाशिकला पंचवटीत राहते आणि या आजाराबरोबर माझी अकरा वर्षे गेली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयीचे माझे म्हणणे आपल्या डॉक्टरांना विचारून मगच अमलात आणावे.

माझ्या अनुभवात सण बाधतो तो झोपेच्या वाटेने. या आजारात मन कधी अवाजवी उत्साहात जाते, तो चढ, आणि कधी खोल उदासीत, तो उतार. झोप उडणे हे चढाचे लक्षण असते तसेच कारणही असते, आणि आपले या दिवसांतले सण तर जागरणाचेच. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत फिरणे होते, कोजागरीच्या तर नावातच ‘कोण जागे आहे’ हा प्रश्न आहे, पाठोपाठ फराळाच्या रात्री येतात आणि नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वीचे अभ्यंगस्नान. निदान होण्याच्या आदल्या वर्षी कोजागरीपासून मी जवळजवळ झोपलेच नव्हते. पहाटे तीनला चकल्या तळत होते, थकवा कसला तो नव्हता, आणि सासूबाई शेजारी कौतुकाने सांगत होत्या की आमच्या सुनेला कामाचा केवढा उरक आहे. धनत्रयोदशीला मी सराफ बाजारात जाऊन, मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांचे दागिने कोणालाही न विचारता घेऊन आले. त्या कौतुकाचा मला अजूनही राग येतो. अर्थात, त्यांना तरी काय ठाऊक होते!

आता रात्री दहानंतर माझ्यापुरता सण संपतो, मग स्वयंपाकघरात कितीही पसारा असो. पिंपळपारावरच्या दिवाळी पहाटेला जायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी लवकर जेवून मी निजते, आणि गोळीची वेळ किती पुढेमागे केलेली चालेल हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवलेले असते. पहाटे जाग यावी म्हणून रात्रीची गोळीच न घेण्याचा उद्योग मी एकदा केला आहे, तो आपण करू नये. अभ्यंगस्नान सकाळी सातला केले तरी उटण्याचा वास तोच येतो. लागोपाठ दोन रात्री झोप पाच तासांच्या आत होऊनही मला ताजेतवाने वाटू लागले, तर यजमानांनी परस्पर डॉक्टरांना फोन करायचा, असे आमचे ठरलेले आहे, कारण त्या वेळी मला काही झाले आहे हे मलाच पटत नाही. खरेदीचे कार्डही दसऱ्यापासून त्यांच्याकडेच असते.

आपण लिथियम हे बायपोलरवरचे औषध घेत असाल, तर शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाल्यास मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली त्याची पातळी चढते, हे घरच्यांनाही ठाऊक असू द्यावे. म्हणून निर्जळी किंवा अळणी उपवास मी पूर्ण सोडले. साफसफाईत पाठ धरली की घरोघरी घेतली जाणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकेही ही पातळी वाढवू शकतात. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे किंवा बोलणे जड होणे यांपैकी काही दिसल्यास सण संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नवरात्र संपल्यावर मी रक्त तपासून घेते. नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचा असतो.

‘आता बरी दिसतेस, मग गोळ्या कशाला?’ असे एखाद्या आत्याबाई विचारतातच. त्यांना मी ‘रक्तदाबाच्या गोळीसारखी ही रोजचीच आहे’ एवढेच सांगून चिवड्याची ताटली पुढे करते.

भाऊबीजेनंतर घर रिकामे झाले की मला उताराची भीती अधिक वाटते. म्हणून त्याच्या पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ दसऱ्यालाच घेऊन ठेवते, आणि सुटीत औषधांची दुकाने बंद असली तरी अडू नये म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या आधीच आणते. जगणे नकोसे वाटू लागले, तर ती वेळ येईपर्यंतही थांबू नये. टेलिमानस ही 2022 मध्ये सुरू झालेली मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. तो क्रमांक आमच्या फ्रिजवर, दूधवाल्याच्या क्रमांकाखाली लिहिलेला आहे.