वाचक विचारतात : खेळाचं चित्रण

प्रश्न : एका वृत्तवाहिनीसाठी खेळ शूट करतो. मातीवरच्या कुस्तीत चीतपटीचा क्षणच निसटतो, आणि डेस्कवरून वर ऐकून घ्यावं लागतं की ‘कापायला काही नाही’, म्हणजे संकलनात मधे लावायला वेगळे शॉटच नाहीत. – एक वाचक, वारजे

उत्तर : दोन्ही दुखणी झूमवरचं बोट न सुटण्याची आहेत. डाव लागला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत निकाल होतो, आणि टाइट फ्रेममध्ये नेमकी पंचांची पाठ येते. दोघांची डोकी आणि पाय मावतील एवढी वाइड फ्रेम धरा, हौद्याच्या कडेला गुडघ्यावर बसा. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला असला तरी डावा मिटू नका. पंच खांदे बघायला वाकले, की पाठ टेकायला आली समजा.

निकाल लागल्यावर लगेच कॅमेरा थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. पुढची 10-15 सेकंदं चालू ठेवा : उचलून घेतलेला विजेता, अंगावरची माती झटकत निघालेला दुसरा, वस्तादांचा चेहरा. सव्वा मिनिटाच्या बातमीत एक शॉट चार सेकंदांचा धरला तरी 18-20 शॉट लागतात. तेव्हा पहिली मोठी कुस्ती लागायच्या आत हलगीवाला, अंगाला माती चोळणारे हात, फेटेवाले प्रेक्षक असे शॉट घेऊन ठेवा. प्रत्येक आठ सेकंदं, हात न हलवता.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. चॅनेल 1 वर बाइटचा, म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याचा माइक, 2 वर कॅमेऱ्याचा. बाइटचं चॅनेल ऑटोवर राहिलं, तर हलगीच्या दर ठोक्याला पातळी खाली जाते आणि पैलवानाचं बोलणं त्यात बुडतं. मॅन्युअलवर घ्या, बोलणं उणे 20 डेसिबलच्या आसपास ठेवा.

लेन्सवर माती उडाली तर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. थेट पुसलंत तर कण काचेवर घासले जातात आणि ओरखडा कायमचा.

प्रश्न : बालेवाडीच्या हॉलमध्ये कबड्डी शूट केली की चित्रात पट्टे फिरतात. कॅमेरा बिघडलाय का? – एक वाचक, औंध

उत्तर : नाही, शटरचा वेग वाढलाय. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 1/50 किंवा 1/100 सेकंदाच्या शटरवर पट्टे जातात, 1/250 वर परततात. जाहिरातींच्या एलईडी पाट्यांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी मेन्यूतल्या सिंक्रो स्कॅन किंवा क्लिअर स्कॅनमध्ये आकडा थोडाथोडा सरकवत पाटी स्थिर दिसेपर्यंत जुळवा. सामन्याआधीच.

प्रश्न : गहुंज्याला क्रिकेट सामन्याचा पास मिळतो, पण खेळ सुरू झाला की कॅमेरा बंद करायला सांगतात. मग जायचं कशाला? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : प्रक्षेपणाचे हक्क विकलेले असतात, त्यामुळे हुज्जत घालून उपयोग नाही, पास तेवढा रद्द होईल. तुमचं काम आदल्या दिवशीचा नेट सराव, पत्रकार परिषद आणि फाटकाबाहेरची गर्दी. स्टेडियम भरलं की मोबाइल नेटवर्क कोंडतं. लाइव्ह बॅगमध्ये (मोबाइल नेटवर्कवरून चित्र पाठवणारी पाठपिशवी) सगळी सिमकार्डं एकाच कंपनीची असतील, तर सगळीच एकदम मान टाकतात. तीन कंपन्यांची ठेवा आणि सामना संपायची वाट न बघता फायली पाठवत राहा.

प्रश्न : पंचेचाळिशी आली, खांदा बोलायला लागलाय. अजून दहा वर्षं निघतील? – एक वाचक, कात्रज

उत्तर : निघतील, पण आत्ताच्या पद्धतीने नाही. लेन्स, बॅटरी, माइक लावला की खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं वजन आठ-दहा किलोंपर्यंत सहज जातं. हात सैल केल्यावर कॅमेरा पुढे झुकत असेल, तर खांद्याखालची गादी पुढे सरकवा. नाहीतर तो भार दिवसभर मनगट आणि मान ओढते. लांबच्या खेळांना ट्रायपॉडला पर्याय नाही. मल्टिकॅमेरा प्रक्षेपणाचं काम आत्ताच शिकायला लागा : तिथे कॅमेरा स्टँडवर असतो आणि हेडफोनवर दिग्दर्शकाच्या सूचना ऐकत चेंडू सोडायचा नसतो. मैदानावरची तुमची नजर तिथे कामी येते.

फ्रीलान्स करणार असाल तर फुटेजच्या हक्काचं आधी लिहून घ्या. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या चित्रीकरणाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे काम देणाऱ्याचा होतो. जुनं फुटेज विकून म्हातारपण काढू म्हणणारे इथेच फसतात.