पी५३मध्ये आता काय उरलंय?

प्रश्न: मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्यूमर सप्रेसर, म्हणजे कॅन्सर रोखणाऱ्या, जनुकांवर संशोधन करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, ‘पी५३ तर १९७९ मध्येच सापडलं, आता त्यात काय उरलंय? त्यापेक्षा कम्प्युटर शिक.’ काय करू?

उत्तर: बाबांचं निम्मं बरोबर आहे.

पी५३ हे प्रथिन सापडलं १९७९ मध्ये, पण पुढची जवळपास दहा वर्षं सगळे त्याच्या जनुकाला कॅन्सर घडवणारं समजत होते. अभ्यासाला घेतलेले नमुनेच बिघडलेल्या जनुकाचे निघाले! ते मुळात कॅन्सर रोखणारं आहे, हे १९८९ मध्ये उमगलं.

डीएनए तुटला की एटीएम हे एन्झाइम जागं होतं, पी५३ त्याला नष्ट करवणाऱ्या एमडीएम२ या प्रथिनाच्या तावडीतून सुटतं, पेशीत साठतं आणि पी२१सारखी जनुकं चालू करतं. विभाजन थांबतं. एवढं तुझ्या पुस्तकात असेलच. पण त्याच वेळी विभाजनाला लागणारी ढीगभर जनुकं बंदही होतात. ती पी५३ स्वतः जाऊन बंद करतं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांच्या डीएनएवर ते बसतच नाही. पी२१चं प्रथिन विभाजन चालवणाऱ्या सायक्लिन-कायनेज एन्झाइमांना आवर घालतं, मग आरबी या विभाजन रोखणाऱ्या प्रथिनाच्या कुटुंबातली प्रथिनं ई२एफ४ या डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन त्या जनुकांवर ठाण मांडतात. पेशीतून पी२१ काढून टाकलं, की ही बंदी बरीचशी उठते.

म्हणजे दर जनुकामागे विचारायचं: हे थेट झालं की आडून? त्यासाठी दोन याद्या जुळवाव्या लागतात, पी५३ कुठे बसलं आणि कोणत्या जनुकाचा आरएनए (चालू जनुकाची पेशीत निघणारी प्रत) किती वाढला-घटला. प्रत्येकीत हजारो ओळी. त्या हाताने होणार नाहीत, आणि बाबांचं बरोबर असलेलं निम्मं ते हे. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा, आणि त्याहून आधी संख्याशास्त्र, आत्ताच सुरू कर.

पण जीवशास्त्र सोडून नव्हे. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशींत पी५३चं जनुक शाबूत दिसतं, मात्र पॅपिलोमा विषाणूचं ई६ प्रथिन तयार झालेलं पी५३ नष्ट करून टाकतं. नुसता डीएनएचा क्रम वाचणारा तिथे हमखास फसतो. पी५३ जागं करणारं औषध दिल्यावर चार तासांनी मोजायचं की चोवीस, हेही प्रोग्रॅम सांगत नाही. उशीर झाला की थेट आणि आडून झालेले परिणाम एकमेकांत मिसळतात.

जीईओ या खुल्या साठ्यातून एचसीटी११६ या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींचा डेटा उतरवून घे, पी५३ असलेल्या आणि काढलेल्या. फरक पडलेली जनुकं वेगळी काढून बघ. पहिले काही दिवस फक्त एरर येतील. त्यानंतरही बसावंसं वाटलं, तर ती यादी मला पाठव, मग प्रयोगशाळा निवडण्याबद्दल बोलू.