दोन टिपा मारायचे एवढे पैसे?

तुळशीचं लग्न जवळ आलं की माझ्याकडे प्रश्नांचा ढीग लागतो आणि यावेळी जवळजवळ सगळे एकाच गोष्टीचे आहेत, लग्नाचे कपडे अल्टर करायला एवढा खर्च का येतो. गेली बावीस वर्षं मी ठाण्यात हेच काम करतेय त्यामुळे जे सांगतेय ते मशीनवर बसून बघितलेलं आहे. दर मी माझ्याकडचे सांगतेय, तुमच्या गावात थोडे वरखाली असतील.

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. रिसेप्शनसाठी २८ हजारांचा रेडीमेड लेहंगा घेतला, पण तो उंचीला चार इंच जास्त आणि कंबरेला दोन इंच सैल होतोय. ब्लाउजच्या बाह्या पण जरा आवळायच्या आहेत. इथल्या टेलरने ३,२०० रुपये सांगितले. नवीन काही शिवायचं नाही, कापड आमचं, मग एवढे कसे? फसवतायत का आम्हाला?
– वधूची आई, चिंचवड

उत्तर : ताई, फसवत नाहीयेत. मला तर हा भाव अगदी रास्त वाटतोय, आणि का ते सविस्तर सांगते कारण हे एकदा कळलं की टेलरशी बोलणंही सोपं जातं.

लेहंगा खालून कापता येत नाही, कारण खाली बॉर्डर असते, सगळं वर्क तिथेच असतं आणि तुम्ही २८ हजार त्याचेच दिलेत. म्हणजे उंची वरून, कंबरेकडून कमी करायची. आता तुमचा लेहंगा १६ कळ्यांचा (कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असा कापडाचा उभा तुकडा) आहे असं धरा, प्रत्येक कळी कंबरेला दोन इंच आणि खाली घेराला बारा इंच, लांबी चाळीस. म्हणजे दर इंच खाली गेलं की कळी पाव इंचाने रुंद होते. वरून चार इंच कापले की कळीची वरची रुंदी दोनची तीन इंच होते आणि १६ कळ्यांची मिळून ३२ ची कंबर एकदम ४८ होऊन बसते! ती परत ३० वर आणायची तर प्रत्येक कळीची शिवण उसवून वरपासून खालपर्यंत उतरती टीप मारत न्यायची, म्हणजे कुठे झोळ येत नाही. हे वरच्या कापडाला, मग अस्तराला, आत कॅनकॅन (घेर फुगवणारी कडक जाळी) असेल तर त्यालाही. शिवाय नेफा, चेन, नाडी, लटकन सगळं काढून पुन्हा लावायचं.

आणि वर्क शिवणीवर आलं तर वेगळीच गोष्ट. मोत्यावरून किंवा कटदाण्यावरून मशीन चालवलं की सुई तुटते, म्हणून शिवणीच्या रेषेवरचे मणी आधी हाताने एकेक काढायचे किंवा पकडीने फोडायचे, टीप मारायची आणि मग त्याच रंगाच्या दोऱ्याने मणी परत ओवून लावायचे. मागच्या सीझनला एका मुलीचा लेहंगा माझ्या टेबलावर अडीच दिवस होता, त्यातला जवळजवळ एक दिवस फक्त टिकल्या काढून वाटीत जमा करण्यात गेला, ती वाटी अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगते, अल्टरमध्ये पैसे शिवण्याचे कमी आणि उसवण्याचे जास्त असतात. नवीन शिवताना कापड मोकळं असतं, इथे दुसऱ्याने केलेलं काम न फाडता सोडवायचं असतं.

आता खर्च कमी कसा करायचा ते. हा लेहंगा रिसेप्शनला घालणार म्हणजे पायात सँडल असणार ना? मग ते सँडल आधी घ्या आणि ते घालूनच माप द्या, दोन इंच हील असेल तर कमी करायचे चार इंच दोनवर येतात आणि काम बरंच हलकं होतं. (विधीला घालायचा असेल तर मात्र अनवाणी माप द्या, बोहल्यावर चपला नसतात आणि लेहंगा पायात येतो.) दुसरं म्हणजे बिल बघा, बऱ्याच दुकानांत एक फिटिंग फ्री असतं पण त्यात नुसती कंबर धरतात की उंचीसुद्धा हे बिलावर लिहून घ्यायला लागतं. आणि टेलरला सांगा की आत घेताना कळ्यांमधलं कापड कापू नका, माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, आत राहू द्या, पुढे कंबर वाढली तर तोच लेहंगा सोडता येतो. बाह्यांचे मी १५० ते २०० घेते, ते तुमच्या ३,२०० मध्ये धरलेत का एवढं विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या १९९४ सालच्या लग्नातल्या शालूवरचा ब्लाउज मला माझ्या लग्नात घालायचाय, त्यांचीही फार इच्छा आहे. ब्लाउज ३४ चा आहे, मला ३८ लागतो. होईल का, आणि किती लागतील?
– होणारी सून, नाशिक

उत्तर : अगं किती छान विचार आहे हा, नक्की प्रयत्न कर. आधी ब्लाउज उलटा कर आणि कडेच्या शिवणीत आत किती कापड दुमडलंय ते पट्टीने मोज. जुने टेलर माया भरपूर ठेवायचे, दीड दीड इंच सुद्धा सापडते. दोन्ही कडांना पुढचा आणि पाठीचा मिळून चार पदर होतात, प्रत्येकातून एक इंच सोडला की चार इंच मिळाले, म्हणजे ३४ चा ३८ झाला, वर टीप मारायला थोडं कापड शिल्लक राहिलं पाहिजे एवढंच. पण मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि बाही पण त्याच मापात उघडायला लागते, नुसती कड सोडली तर काखेत ओढ बसते आणि हात वर करून हार घालताना तिथेच फाटतो.

दोन गोष्टी मनाशी धरून जा. तीस वर्षं आत दुमडलेल्या कापडाला उजेड लागलेला नसतो त्यामुळे ते बाहेर आलं की बाकीच्या ब्लाउजपेक्षा गडद दिसतं. आणि रेशमावर जुन्या टिपेची भोकं राहतात, ओळीने टाचणी टोचल्यासारखी, ती इस्त्रीने पूर्ण जात नाहीत. काखेखाली हे फारसं दिसत नाही, पण पुढे टक्स (छातीला आकार देणाऱ्या चुण्या) सोडले तर छातीवर दिसतं, म्हणून टक्सना हात न लावता होत असेल तर तसंच कर.

माया नसेल तर काखेखाली दोन्ही बाजूंना जोडपट्टी लावायची. ती शालूच्या आतल्या, कंबरेत खोचायच्या टोकातून काढा असं कोणी सांगितलं तर घाई करू नकोस, साडी आधीच आखूड असेल तर निऱ्या कमी पडतात. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत दादरला ब्लाउजपीसच्या दुकानात जुना ब्लाउज घेऊन गेलीस की मिळताजुळता सिल्कचा तुकडा मिळतो, पाव मीटर पुरे. अस्तराच्या ब्लाउजला नुसती माया सोडायचे मी ३०० ते ४०० घेते, जोडपट्टीसकट ५०० ते ६००. कापड इतकं विरलं असेल की नखाने ओढल्यावर रेशा पडतात, तर मात्र कोणालाही उसवू देऊ नकोस. मग नवीन ब्लाउज शिव आणि जुन्याचा जरीचा काठ काढून त्याच्या बाहीला लाव, सासूबाईंना तेही तितकंच आवडेल.

प्रश्न : मुलाची शेरवानी खांद्याला एक इंच मोठी आहे, बाकी सगळं फिट. टेलर म्हणतो खांदा करायला १,५०० आणि गॅरंटी नाही. काय करू?
– वरपिता, कोल्हापूर

उत्तर : काका, जमत असेल तर बदलून घ्या. खांद्यात कॅनव्हास असतो, पॅड असतं, बाही काढून ती पुन्हा गोलाईत बसवायची असते, त्यात अर्ध्या सुताचा फरक पडला तरी फोटोत खांदा लटकलेला दिसतो. टेलर गॅरंटी नाही म्हणतोय म्हणजे माणूस खरं बोलतोय. छाती, पोट, लांबी हे सगळं नंतर दुरुस्त होतं आणि स्वस्तात होतं, चुडीदारची कंबर तर १५० मध्ये होते, पण शेरवानी असो की ब्लेझर, घेताना आधी खांदा बघायचा. बदलून मिळत नसेल आणि फरक खरंच एकच इंच असेल तर आहे त्याच पॅडखाली अजून एक पातळ पॅड टाकून भागतं का ते विचारा, ते २०० ते ३०० चं काम आहे.

प्रश्न : ताई, मी वाचक पण आहे आणि शिवणकाम पण करते, घरीच एक मशीन आहे. लग्नाचे लेहंगे, ब्लाउज अल्टरला येतात पण प्रत्येक जण म्हणतं, दोन टिपा तर मारायच्यात, एवढे काय? मागे एका लेहंग्याला नऊ तास गेले आणि ७०० घेतले, त्यातही १०० कमी करा म्हणाले. भाव कसा सांगायचा?
– वाचक, सांगली

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझी पहिली चार वर्षं आठवली आणि खरं सांगते, जीव तुटला. ७०० भागिले नऊ, तासाला ७८ रुपये पण पडले नाहीत, त्यात रीळ, सुया, लाइटबिल तुझंच, आणि मणी हरवला असता तर भरपाईही तूच केली असतीस. १०० कमी केले नसशील तर बरं केलंस.

कपडा हातात घेतल्या घेतल्या भाव सांगू नकोस. आधी गिऱ्हाइकासमोर तो उलटा कर आणि आतले थर दाखव, हे वरचं, हे अस्तर, हे कॅनकॅन, एवढ्या शिवणी उसवायच्या. मी हे करायला लागल्यापासून घासाघीस निम्मी झाली, कारण लोक वाईट नसतात, त्यांनी आतली बाजू कधी बघितलेलीच नसते. मग तास मोज. तू नवीन अस्तरी ब्लाउजला किती घेतेस आणि त्याला किती वेळ जातो यावरून तुझा तासाचा दर काढ, अल्टरलाही तोच लाव, हातवर्क काढून लावायचं असेल तर वरती वेगळे.

वेळेचं पण ठरवून टाक. दिवाळीनंतर सगळे एकदमच येतात, तेव्हा तीन दिवसांत हवं म्हणणाऱ्याकडून मी दीडपट घेते आणि ते पाटीवर लिहून ठेवलंय. उलट पितृपक्षात लोक नवीन कपडे घेत नाहीत, माझ्याकडे तेव्हा मशीन रिकामं असतं, त्या पंधरा दिवसांत जो अल्टर आणून देईल त्याला मी थोडे कमी लावते आणि कामही निवांत होतं. नवरीचं वजन शेवटच्या महिन्यात कमीजास्त होतं म्हणून शेवटची ट्रायल मात्र लग्नाच्या आठ-दहा दिवस आधीच ठेव, त्याच्या आधी कच्चा टाका घालून ठेवायचा.

आणि पावती दे, साधी वही चालेल. कपडा कसा आला, कुठे डाग होता, कुठला मणी आधीच पडलेला होता, काय करायचं ठरलं, किती पैसे, किती ॲडव्हान्स, ट्रायल कधी. माझ्याकडे एकदा एक पैठणीचा ब्लाउज आला होता, बाहीवरचा मोर आधीच उसवलेला, मी लिहून घेतलं नाही आणि नंतर ते माझ्यावर आलं, महिन्याची कमाई त्यात गेली. तेव्हापासून घेताना मोबाइलवर दोन फोटो काढते, एक सुलट बाजूचा, एक उलट बाजूचा, गिऱ्हाईक समोर उभं असतानाच.