कुणीही न मागितलेला फोटो

छायाचित्रणाच्या या सदराकडे एरवी लेन्स, प्रकाशयोजना आणि दर यांविषयीची पत्रे येतात. या महिन्यात निवडलेल्या तीन पत्रांचा विषय मात्र एकच आहे : कॅमेरा हेच काम झाल्यावर स्वतःसाठी फोटो काढण्याची ओढ. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला प्रश्न मी स्वतः अनुभवलेला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहतो. वय ४३. गेली १९ वर्षे लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मागच्या लग्नसराईत दोन सहकाऱ्यांना घेऊन मी ३४ लग्ने केली. कामाविषयी तक्रार नाही, आमचे घर त्यावरच उभे राहिले आहे. परंतु शाळेत असताना मामांचा कॅमेरा घेऊन प्रीतिसंगमावर पहाटेच्या धुक्याचे फोटो काढायला मी ज्या ओढीने जात असे, ती ओढ आता उरलेली नाही. गेल्या सप्टेंबरात घरच्यांना घेऊन कासला गेलो होतो. पठार फुलांनी भरलेले होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की इथे प्री-वेडिंगला परवानगी मिळेल का. कॅमेरा बॅगेतून बाहेर निघालाच नाही. परतताना मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला फोटो काढायला आवडत नाही का?" मला उत्तर देता आले नाही. हा व्यवसाय सोडावा का? की नवा कॅमेरा घेतल्याने उत्साह परत येईल?

उत्तर : नवा कॅमेरा घेऊ नका. चार-सहा आठवडे त्याची बटणे शिकण्यात बरे जातील आणि पुढच्या मुहूर्ताला तोच कॅमेरा त्याच अंतरपाटासमोर उभा राहील. व्यवसाय सोडण्याविषयी पुढे लिहितो. आधी आपल्या डोळ्यांचे नेमके काय झाले आहे, ते पाहू.

लग्नाच्या कामात फोटोग्राफर हॉलमध्ये शिरतो तेव्हा सगळी छायाचित्रे त्याच्या मनात आधीच तयार असतात. हळद, गौरीहर, अंतरपाट, अक्षता, कन्यादान, सप्तपदी, मग स्टेजवरचे गट, आत्याकडचे, मावशीकडचे, ऑफिसमधले. यांतले एक जरी राहिले तरी अल्बम पाहताना ते उघडे पडते, म्हणून आपण दिवसभर समोरचे दृश्य त्या मनातल्या यादीशी ताडून पाहत असतो. प्रकाशही आपण बरोबर घेऊनच जातो. फ्लॅश आणि एलईडी लावून हॉल आपल्याला हवा तसा उजळतो, त्यामुळे खिडकीतून येणारे ऊन दुपारी साडेतीनला कोणत्या भिंतीवर चढते हे पाहण्याची गरजच उरत नाही. आणि खरी झीज घरी आल्यावर होते. तीन हजार फ्रेममधून सहाशे निवडायच्या असतात, तेव्हा आपण प्रत्येक चित्राकडे त्यातली चूक शोधण्यासाठी बघतो. वधूचे डोळे मिटले आहेत, मागे कुणाचा हात आला आहे, शेला पांढरा फटक झाला आहे. वर्षाला ३४ लग्ने म्हटली तर लाखभर चित्रांकडे तुम्ही या नजरेने पाहता. एवढ्या सरावानंतर तीच नजर कासच्या फुलांवर पडली आणि तिला फक्त पार्श्वभूमी दिसली, यात तुमच्या मनाचा कोरडेपणा मला दिसत नाही. डोळ्याला लावलेली शिस्त तेवढी दिसते, आणि शिस्त काही काळ बाजूला ठेवता येते.

मोबदल्याचाही यात वाटा आहे, पण तो लोक समजतात तसा सरळ नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना चित्रे काढायला मनापासून आवडते अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर रिबीन लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल, काहींना तेच प्रशस्तिपत्रक आधी न सांगता चित्र झाल्यावर दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन पुन्हा मांडून ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्या पेनांनी चित्रे काढली. मात्र ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते त्यांची आवड कमी झाली नव्हती. मला यातला हा शेवटचा भाग मोलाचा वाटतो. मोबदला हातात पडल्याने आवड गेली नव्हती, आधी ठरलेल्या बोलीने ती कमी झाली. तुमच्या आयुष्यात गेली १९ वर्षे बोलीशिवाय काढलेला फोटो जवळपास नाहीच, एवढेच मी तुमच्या पत्रातून वाचतो आहे.

सांगलीत माझा स्टुडिओ २६ वर्षे होता. पासपोर्ट फोटोपासून साखर कारखान्याच्या सभांपर्यंत सगळी कामे केली. एका एप्रिलमध्ये एक लेन्स दुरुस्त होऊन आली आणि ती तपासण्यासाठी मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. कारण अगदी साधे होते. तिथे दारात ठेवलेल्या भोपळ्यांच्या सालीवर बारीक डाग आणि सुरकुत्या असतात, त्यावर लेन्सची धार लगेच कळते. हे भोपळे पंढरपूर भागातून येतात, वाळवून चिरले जातात आणि मग त्यांच्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढते. मी दहा-बारा फ्रेम काढून निघणार होतो. पण एका कारागिराने चिरलेल्या भोपळ्याच्या आत हात घालून गाभ्याचा वाळका चोथा काढायला सुरुवात केली. उन्हात ती धूळ वर उठली आणि भोपळ्याच्या पोकळीत प्रकाश साठून राहिला. मी किती वेळ उभा होतो ते घरी आल्यावर घड्याळ पाहून कळले. पावणेदोन तास. ते फोटो कुणाला द्यायचे नव्हते, त्यांचे बिल होणार नव्हते, त्यांतला कोणताही हुकला असता तरी कुणी जाब विचारणार नव्हते. त्या रात्री मी ते संगणकावर उघडले, तेव्हा चूक शोधायची नजर क्षणभर जागी झाली आणि मग कंटाळून निघून गेली, कारण तिला तिथे काही काम नव्हते. त्यानंतर आठवड्यातून एक सकाळ मी अशीच ठेवली. लग्नाचे काम त्यामुळे बिघडले नाही. पुढच्याच हंगामात एका मुलीच्या पाठवणीत मी गट जमवायचा थांबलो आणि दारामागे एकट्या उभ्या असलेल्या आजीचा फोटो घेतला. यादीत तो नव्हता. त्या घरी आज भिंतीवर तोच आहे.

आता तुमच्यासाठी. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त थांबतात. ते चार महिने आपण लोक अल्बम पुरे करण्यात आणि उधारी वसूल करण्यात घालवतो. त्यांतला आठवड्याचा एक तास बाजूला काढा आणि प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात, असा संगम सहसा पाहायला मिळत नाही, आणि पावसाळ्यात दोन्ही पाण्यांच्या रंगांत फरक पडला तर त्यांच्यामधली रेघ घाटावरून दिसू शकते. ढगाळ हवेत प्रकाश चारही बाजूंनी सारखा येतो, सावल्या जवळजवळ नसतात, आणि फ्लॅशची सवय झालेल्या माणसाला सुरुवातीला ते दृश्य अगदी सपाट वाटते. ते सपाट वाटणे सोसा. तिसऱ्या-चौथ्या वेळी करड्यातल्या छटा दिसू लागतात. बरोबर ५० मिलिमीटरची किंवा ३५ मिलिमीटरची, झूम नसलेली एकच लेन्स न्या, म्हणजे जवळ जायचे असेल तर पायांनी जावे लागेल. क्लिक केल्यावर पडद्यावर चित्र दिसते ती सोय बंद करून ठेवा. घरी आल्यावर कार्ड आठ दिवस उघडू नका. काढताना जे वाटले होते ते तोवर ओसरते आणि मग चित्र काय आहे ते दिसते. महिन्याला एक चित्र निवडून चार बाय सहाची प्रिंट काढा आणि मुलीला द्या. ती काय म्हणते ते ऐका, पण तिला कोणता फोटो हवा आहे असे विचारू नका, नाही तर तीही गिऱ्हाईक होईल आणि तुम्ही ऑर्डर घेणारे.

ही छायाचित्रे निदान वर्षभर कुठेही टाकू नका, स्पर्धेला पाठवू नका. हे मी आग्रहाने सांगतो. पसंतीचे आकडे हीही एक बोलीच आहे. याच कारणासाठी सुरुवात वारी, जेजुरीची सोमवती किंवा पट्टणकोडोलीचा भंडारा अशा ठिकाणी करू नका. ती दृश्ये अप्रतिम आहेत, पण त्यांचे गाजलेले फोटो आपल्या मनात आधीच बसलेले असतात आणि आपण नकळत त्यांची यादी घेऊन तिथे जातो.

व्यवसाय सोडण्याविषयी. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. स्वातंत्र्याचा काळ त्यांच्या कॅमेऱ्यामुळे आपल्याला दिसतो. नव्या छायाचित्रकारांची वागण्याची रीत त्यांना पटेना, तेव्हा १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्या पुन्हा छायाचित्रणाकडे वळल्या नाहीत. तो निर्णय मला आदरणीय वाटतो, कारण तो व्यवसायाच्या रीतीविषयी त्यांनी विचारपूर्वक घेतला होता. तुमची अडचण तशी नाही. तुमच्याशी अधिक जुळणारे उदाहरण न्यूयॉर्कच्या सॉल लायटर यांचे आहे. ते पोटासाठी फॅशनच्या मासिकांचे काम करत आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून घराजवळच्या रस्त्यांवर स्वतःसाठी रंगीत फोटो काढत. बर्फातली लाल छत्री, ओल्या काचेपलीकडचा माणूस, दुकानाच्या पडद्याखालून दिसणारे पाय. त्यांतले पुष्कळसे काम अनेक दशके खोक्यांत पडून होते. २००६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि जगाचे लक्ष गेले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ते पुस्तक निघाले नसते तरी त्यांची सकाळची फेरी चुकली नसती, असे त्या चित्रांकडे पाहून मला वाटते. तुम्ही ऑर्डरी घेत राहा. सोडायचे की नाही हा प्रश्न पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्वतःला विचारा, आता नको.

प्रश्न : मी पुण्यात दागिन्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते. दिवसभर बंद खोलीत एकाच टेबलासमोर काम असते. आनंदासाठी जुना फिल्म कॅमेरा घेतला. पहिला रोल मजेत गेला, पण दुसऱ्यापासून प्रत्येक क्लिकला किती पैसे गेले हाच हिशेब मनात येतो. फिल्म सोडू का?

उत्तर : खुशाल सोडा. फिल्मने आपल्याला दोन गोष्टी दिल्या होत्या : चित्रे मोजकीच होती आणि ती लगेच दिसत नव्हती. वडोदऱ्यात तयार होणारा आगफाचा क्लिक थ्री मराठी घरांतूनही होता. त्याच्या रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि गणपतीत घातलेला रोल कित्येक घरांत दिवाळी उलटून जाईपर्यंत पुरवला जाई. त्या बाराची किंमत घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे, तरी त्यात धास्तीपेक्षा उत्सुकता जास्त होती. तुम्हाला मात्र धास्ती वाटते आहे, कारण रुपयांचा हिशेब तुम्ही कामावर रोजच करता. डिजिटल कॅमेऱ्यावरच दिवसाला बाराचा नेम करा आणि पडदा बंद ठेवा. आणखी एक, दागिन्यांपासून दूर जा. तुमच्या कामात हलणारी वस्तूच नाही, म्हणून काही दिवस फक्त हलणाऱ्या गोष्टी टिपा : दोरीवरचे कपडे, पीएमपी बसच्या दारात लटकलेली माणसे, मंडईत पाणी शिंपडणारे हात. हललेले, धूसर आलेले फोटोही ठेवा.

प्रश्न : माझे पती एका दैनिकात वृत्तछायाचित्रकार आहेत. आमच्या मुलाच्या पहिल्या पाच वर्षांचे चांगले फोटो सगळे माझ्या मोबाईलमधले आहेत. यांना सांगितले की म्हणतात, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा दाखवू नकोस. त्यांना घरी फोटो काढायला कसे लावावे?

उत्तर : लावू नका. अपघात, मोर्चे आणि रुग्णालये पाहून आलेल्या माणसाला घर ही कॅमेरा नसलेली जागा हवी असते, आणि तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही "याचा एक छान फोटो काढा" असे म्हणता तेव्हा घरातही ऑर्डर सुरू होते. तुमचे मोबाईलमधले फोटो कमी दर्जाचे आहेत असेही समजू नका. वर्षागणिक वीस निवडून प्रिंट काढून आणा आणि त्यांच्यासमोर ठेवा, एवढे पुरे. तारखा आणि ठिकाणे मागे पेन्सिलीने तुम्ही लिहा. एखादा फोटो हातात घेऊन त्यांनी "हा कुठे उभा राहून काढलास?" असे विचारले, तर तेवढेच सांगा आणि विषय सोडून द्या. दरम्यान त्या सगळ्या फोटोंत ते स्वतः किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. बहुतेक छायाचित्रकारांच्या घरी हा आकडा फार लहान असतो. रविवारी सकाळी ते मुलाला आंघोळ घालत असतील किंवा त्याच्या बुटांची नाडी बांधत असतील, तेव्हा त्यांना न सांगता तुम्हीच तो फोटो काढा.