परड्यात कोंबड्या पाळल्या तर भाजीच्या बागेला मदत होते की नासधूस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात घरामागे गुंठाभर परडं आहे, त्यात भाजीचे वाफे आणि चार फळझाडं. कोंबड्या पाळल्या तर तण आणि कीड आटोक्यात येईल, की त्या बागच उकरून टाकतील?

उकरतीलच. ते उकरणं कुठं आणि कधी करून घ्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. कोंबडी दोन-तीन फटके मागं मारते, पाऊलभर मागं सरते, मान वाकडी करून एका डोळ्यानं माती न्याहाळते आणि टिपते. उकरलं ते गवत होतं की काल लावलेलं वांग्याचं रोप, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून तिची जागा रिकाम्या वाफ्यात आणि मोठ्या झाडांच्या बुडाशी. उभ्या भाजीत तिला कधीच सोडू नका.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी जाईल ही आशाही सोडा. इतकी बारीक कीड ती वेचत बसत नाही, मेथी-पालकाचा पालाच फस्त करते. नाकतोडे, वाळवी, अळ्या, कोष आणि गवताचं बी हा तिचा खरा माल. पावसाळ्यातली मोठी शंखी गोगलगाय मात्र हातानंच वेचावी लागते.

आपल्या भागात सगळ्यात मोठा उपयोग हुमणीसाठी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीसाठी. वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात, मातीत अंडी घालतात आणि अळी पावसाळाभर मुळं कुरतडते. कोंबडी जेमतेम दोन-तीन इंच उकरते, हुमणी त्याच्या खाली असते. नुसत्या कोंबड्या सोडून ती हाती लागत नाही. ऑक्टोबरात पावसाळी भाजी निघाली की वाफसा (माती ओलसर, पण हाताला चिकटत नाही अशी वेळ) बघून कुदळीनं वीतभर माती पालथी करा आणि लगेच कोंबड्या आत घाला. दुसऱ्या दिवशी ढेकळं फिरवा, परत सोडा. तीन-चार दिवसांत वाफा स्वच्छ होतो. माती ओली चिकट असताना हे करू नका, काळ्या मातीत तर नाहीच. पायांनी तुडवून तिचा गिलावा होतो आणि वाळल्यावर खुरपं चालत नाही.

कोंबड्या एका जागी रोखायला बिनतळाचा हलता पिंजरा करा: सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच, बांबूचा किंवा अर्ध्या इंची पाइपचा, वर अर्ध्या भागावर बारदान. त्यात तीन कोंबड्या, पाण्याचं भांडं, आणि दोन-तीन दिवसांनी जागा बदलायची. आठवडाभर एकाच जागी ठेवला तर जमीन टणक होते आणि वास सुटतो. रात्री मात्र त्यात ठेवू नका, मुंगूस खालून उकरून आत येतं.

एका गुंठ्याला चार कोंबड्या पुरे. गावठी कोंबडी चपळ आणि चरण्यात हुशार, पण उडून कुंपणावर जाते. तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कापावी लागतात. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंगानं जड, तीन फुटी जाळीत राहतात आणि अंडीही गावठीपेक्षा जास्त देतात. फक्त त्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे घरी पिल्लं काढायची असतील तर गावठीच हवी. एक दिवसाची पिल्लं आणून ऊब देत बसण्यापेक्षा लस झालेल्या दोन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) आणाव्यात, असं माझं मत. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लासोटा आणि पुढची आर-टू-बी या दोन लशी, शिवाय देवीची लस झाली का, हे विकणाऱ्याला विचारूनच पैसे द्या.

खुराडं चार बाय तीन फूट, जमिनीपासून दोन फूट उंच. इथला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला छप्पर दीड फूट पुढं काढा. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षट्‌कोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डिंगची जाळीच घ्या. आत चार-पाच इंच भाताचं तूस पसरा. मूठभर तूस दाबल्यावर गोळा झाला तर ते ओलं आहे, बदला. पावसाळ्यात रक्ती हगवण बहुधा अशा ओल्या तुसातूनच वाढते.

बागेत चरतात म्हणून खाद्य तोडू नका. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं. चरायला भरपूर मिळालं तर थोडं कमी. उपाशी कोंबडीच जाळी ओलांडून भाजीत घुसते. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. बुरशी आलेली भाकरी, खारट उष्टं देऊ नका. उंदराचं औषध आणि फवारणी केलेला वाफा या दोन्हींपासून त्यांना लांब ठेवा.

चार कोंबड्यांची ओली शीट दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास भरते. ताजी बुडाशी टाकली की रोप करपतं. एक पाटी शीट-तुसाला तीन-चार पाट्या उसाचं पाचट, ओलसर ठेवून दर पंधरवड्याला खालवर. तीन-चार महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं, वास जातो. ज्या वाफ्यात कोंबड्या फिरल्या तिथली कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, गाजर चार महिने तरी काढू नका. तिथं मका लावा, नाहीतर मांडवावर दोडका चढवा.

केळ, नारळ, शेवगा यांच्या आळ्यात त्या मजेत राहतात, फक्त बुडाभोवती विटा किंवा दगड दाबून बसवा, नाहीतर मुळं उघडी पडतात आणि पाला रस्त्यावर येतो.

आणि अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं नको असतील तर आणूच नका. बाग तुमची असली तरी पहाट शेजाऱ्यांचीही असते.