वेगवेगळ्या रॉक बँडमधले आम्ही चौघं फुगाझीसारखा पोस्ट-हार्डकोअर बँड काढतोय. दोघं मेटलमधले लीड गिटारिस्ट आहेत. आमच्या या सुपरग्रुपसाठी कोणती पेडल्स घ्यावीत?

एकही घेऊ नका. उत्तर इथंच संपलं असतं, पण तुम्ही 'सुपरग्रुप' (म्हणजे आधीच नावाजलेल्या बँडमधल्यांनी मिळून काढलेला बँड) लिहिलंत, आणि त्या शब्दावरून मी बरीच वर्षं लोकांशी भांडतोय.

वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडला सुपरग्रुप म्हणणारे जुन्या बँडची एक यादी तोंडपाठ म्हणून दाखवतात: मायनर थ्रेटचा इयन मकाय, राइट्स ऑफ स्प्रिंगचे गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी. यादी बरोबर आहे. पण कोण आधी काय वाजवत होतं, हे कुणी बघत नाही. मकाय मायनर थ्रेटमध्ये गिटार वाजवतच नव्हता, गायचा. त्याआधी टीन आयडल्समध्ये बास, नंतर एम्ब्रेसमध्ये पुन्हा गाणंच. फुगाझीत त्याने गिटार गळ्यात घातली. पिचोटोचं नेमकं उलटं. राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये गिटारही त्याची आणि मुख्य आवाजही त्याचाच. ३ सप्टेंबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला शो झाला तेव्हा तो बँडमध्ये नव्हता, तिघंच वाजवत होते. नंतर आला तोही रिकाम्या हाताने. हिप-हॉपमध्ये मुख्य रॅपरच्या ओळी उचलून धरणारा जोडीदार असतो, तसा. गिटार घेऊन तो ऐकू येतो १९९० च्या 'रिपीटर' या अल्बमवर. कँटीच्या आधी ड्रम्सवर काही महिने डॅग नॅस्टीचा कॉलिन सिअर्स होता. आणि जो लॅली, ज्याच्या बासवर निम्मा बँड उभा आहे? तो बीफीटर या बँडचा रोडी होता, म्हणजे सामान वाहणारा, लावणारा माणूस.

क्विकसँड या बँडचंही तेच. न्यूयॉर्क, १९९०. वॉल्टर श्रायफेल्स आधीच्या गोरिला बिस्किट्स बँडमध्ये गिटारवर होता, गायक दुसराच. क्विकसँडमध्ये माइकसमोर तो स्वतः. जुनं काम सोबत घेऊन चौघं जमले की जुन्याच दोन बँडची बेरीज होते आणि बेरजेला कुणी दुसऱ्यांदा ऐकायला येत नाही.

तेव्हा पहिल्या सहा जॅमना दोघांपैकी एकाची गिटार घरी ठेवा. गमतीने नाही म्हणत. दोन मेटल गिटारिस्ट एकत्र आले की दोघंही खालच्या सुरांच्या तीन जाड तारांवर, दोघांचा गेन (आवाज फाटवणारा नॉब) वर, आणि दोघांचा आवाज २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर बसतो. डिस्टॉर्शन मुळात आवाज दाबून सपाट करतं. दोन सपाट भिंती शेजारी उभ्या केल्या की स्नेअर ड्रम बुडतो, आणि बास नुसती थरथर म्हणून उरते. मग ड्रमर जोरात मारतो, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि तासाभरात सगळ्यांचे कान बंद. एका गिटारवर आधी बास आणि ड्रम्समध्ये गाणं उभं करा. दुसरी आत आली की तिला वरच्या सुरांच्या दोन-तीन बारीक तारा द्या, सातव्या फ्रेटच्या वर. पूर्ण कॉर्ड नाही, दोन सुरांचे तुकडे.

आता पेडलशिवाय, म्हणजे पायाने दाबायच्या त्या डब्यांशिवाय, आवाज कसा बदलायचा ते. मकायची गिबसन एसजी सरळ मार्शल जेसीएम ८०० मध्ये जायची. हा एकाच चॅनेलचा अँप, क्लीन वेगळं नाहीच. प्रीअँपचा गेन पाच-सहावर ठेवा, बाकी काम गिटारच्या नॉबवर. दहावर पूर्ण डिस्टॉर्शन, सहा-सातवर कडा नुसती खरखरीत, तीन-चारवर जवळपास स्वच्छ. एसजीला दोन पिकअप (तारांचा आवाज उचलणारे, एक ब्रिजजवळ, एक नेकजवळ) आणि दोन स्वतंत्र व्हॉल्यूम असतात. ब्रिजचा दहावर, नेकचा तीनवर, आणि पिकअप बदलणारं टॉगल हेच तुमचं फुटस्विच. नेकचा शून्यावर नेलात तर तेच टॉगल किल-स्विच, म्हणजे आवाज तोडणारं बटण होतं. फक्त टॉगल मधोमध ठेवू नका. तिथे दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांना ओढतात आणि एक शून्यावर असेल तर दोन्ही पिकअप बंद पडतात.

हे करताना दोन गोष्टी बिघडतात. व्हॉल्यूम खाली नेला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो, कारण पॉटचा (व्हॉल्यूम नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरचा) रोध आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल खातात. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुट टोकांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रेझिस्टर, एकमेकांना समांतर, सोल्डर करा. दोन्ही मिळून वडापावच्याच भावात येतात. केबल पाच मीटरच्या आत ठेवा. दुसरं, स्वस्त गिटारमध्ये पॉट लिनिअर निघतं. त्यात दहापासून तीनपर्यंत कानाला फारसा फरक कळत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. ५०० किलोओमचं लॉग टेपर पॉट मागा.

आता फुगाझीचं गाणं 'वेटिंग रूम'. सगळे कव्हर करतात आणि जवळपास सगळे तिथेच आपटतात. पहिल्या अर्ध्या मिनिटातच अख्खा बँड थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. तो थांबा वाजवायला रिफपेक्षा अवघड आहे. गिटारवाल्याने उजवा तळवा ब्रिजवर टेकवायचा आणि डाव्या हाताची किमान तीन बोटं तारांवर आडवी, न दाबता. एकच बोट ठेवलंत आणि ते पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर पडलं तर हार्मोनिक वाजतो, शांततेत शिट्टी फुटल्यासारखा. बासवाल्याने दोन्ही हात तारांवर. ड्रमरने क्रॅश झांज हाताने पकडायची, पण दुसरा हात स्नेअरवर हवा, कारण बासची शेवटची थरथर स्नेअरच्या खालच्या तारांना चाळवते. हळू आवाज आपोआप बंद करणारा नॉइज गेट लावू नका. तो हळू वाजवलेले सूरही कापतो. अँपची हिस राहू द्या, त्यावरूनच लोकांना कळतं की वीज गेलेली नाही.

मोजायचं कुणी? एकाने, ड्रमरने. चौघांनी आपापलं मोजलं की चौघं चार वेळा आत येतात, आणि शांततेत प्रत्येकाला बार लांब वाटत असल्यामुळे सगळेच घाई करतात. मेट्रोनोमला तीन बार टिकटिक आणि चौथा बार मुका असं लावून रोज दहा मिनिटं सराव करा. मुक्या बारनंतर टिकटिक आणि तुमचा ठोका एकत्र पडेपर्यंत हे गाणं स्टेजवर नेऊ नका.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: मिक्स त्याच रात्री पास करू नका. फुगाझीने १९९२ मध्ये शिकागोला रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीकडे जाऊन गाणी रेकॉर्ड केली आणि ती बाजूला ठेवली. मग आपल्या नेहमीच्या इनर इअर स्टुडिओत सगळं पुन्हा वाजवलं, आणि तोच १९९३ चा अल्बम 'इन ऑन द किल टेकर' झाला.

थोडी माघार घेतो. 'पेडल नको' हे सुरुवातीच्या रेकॉर्ड्सना धरून म्हणतोय. 'रेड मेडिसिन' या अल्बमपासून पुढे स्टुडिओत त्यांनीही बरेच उद्योग केलेत. शंभर वॉटचा मार्शल छोट्या जॅमरूममध्ये अत्याचार आहे. वीस वॉटचा व्हॉल्व्ह अँप पुरतो, मॉडेलरही (अँपची डिजिटल नक्कल करणारा) चालेल, फक्त एकच प्रीसेट ठेवा. व्हॉल्व्ह अँप कॅबिनेट जोडल्याशिवाय कधीही सुरू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. १६ ओमच्या कॅबिनेटला अँपवरचा सिलेक्टरही १६ वर. आणि बजेट पेडलसाठीच राखून ठेवलं असेल तर एक ट्यूनर घ्या, उरलेल्यातून ११ च्या, म्हणजे जाड तारांचे सेट. इतक्या जोरात मारल्यावर नऊच्या बारीक तारा प्रत्येक फटक्याला सुरावरून वर चढतात.

पोस्टरवर नावाखाली कंसात जुन्या बँडची नावं छापणार असाल, तर वरचं सगळं विसरा आणि पेडल्स घेऊन टाका.