इस्टेट ‘कंपाउंड’ केली, म्हणजे नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंत की, सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाविषयी वाचताना ‘राजाच्या पक्षाच्या जमीनदाराने इस्टेटीसाठी कंपाउंड केलं’ असं वाक्य येतं, तिथे ‘तडजोड केली’ चालेल का?

तसं चूक नाही. वाहतुकीचा नियम मोडल्यावर भरायच्या रकमेला आपल्याकडे ‘तडजोड शुल्क’ म्हणतात, त्यात हाच अर्थ आहे: पैसे भरून प्रकरण मिटवणं. पण तडजोड म्हटलं की दोन्ही बाजू थोडं थोडं सोडतात असं वाटतं आणि इथे सोडायचं होतं ते जमीनदारानेच.

मार्च 1643 मध्ये राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटने वटहुकूम काढून राजाला साथ देणाऱ्यांच्या मिळकती ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मालकी जमीनदाराच्या नावावर राहायची, पण कुळांचा खंड पार्लमेंटच्या जिल्हा समितीकडे जायचा. याला ‘जप्ती’पेक्षा ‘टाच’ हा शब्द चपखल बसतो. मग टाच उठवायला लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधल्या समितीपुढे जायचं, आपली मिळकत स्वतःच शपथेवर सांगायची आणि दंड भरायचा. हा दंड जमिनीच्या किमतीच्या एक दशांशापासून निम्म्यापर्यंत असे. जून 1646 मध्ये राजाचं मुख्य ठाणं ऑक्सफर्ड शरण आलं तेव्हा तिथे असलेल्यांना सवलतीचा दर मिळाला, एक दशांश, म्हणजे साधारण दोन वर्षांचं उत्पन्न. म्हणून मी लिहीन: ‘दंड भरून मिळकत सोडवून घेतली’. गहाण दागिना सोडवतात, तसं.

जुन्या मराठीत या दंडाला नेमका शब्द होता, ‘गुन्हेगारी’. मराठेशाहीच्या निवाड्यांत जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरे, हरणारा ‘गुन्हेगारी’. किती नेटका शब्द! पण आज त्याचा अर्थ इतका बदलला आहे की वापरला तर वाचक गोंधळेल. फार हळहळ वाटते.

प्रत्येकाला सोडवून घेण्याची मुभाही नव्हती. राजाचा सेनापती, न्यूकॅसलचा मार्क्विस (हा सरदारकीचा किताब) विल्यम कॅव्हेंडिश 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत हरला आणि परदेशी गेला. त्याला माफीतून वगळलं होतं, त्यामुळे त्याच्या जमिनी विकल्या गेल्या. एरवी टाच आलेल्या मिळकतीच्या पाचव्या हिश्शापर्यंत बायकामुलांना मिळू शकत असे. त्याच आशेने त्याची पत्नी मार्गारेट 1651 मध्ये लंडनला आली. तिला नकार मिळाला: लग्न नवरा दोषी ठरल्यानंतर झालं, तेव्हा हक्क कसला? विल्यमच्या धाकट्या भावाने, सर चार्ल्सने, स्वतःचा दंड भरला आणि विकल्या गेलेल्या वेलबेक व बोल्सओव्हर या घराण्याच्या वास्तू पुन्हा विकत घेतल्या. पुढे मार्गारेटने नवऱ्याच्या नुकसानीचा हिशोब मांडला, तो 9,41,303 पौंड.

‘जप्त झाली’ आणि ‘दंड भरून सोडवली’ हे एकाच अर्थाने वापरू नका, असं मी आग्रहाने सांगतो ते 1660 मुळे. त्या वर्षी इंग्लंडात राजेशाही पुन्हा आली. राजा परतल्यावर, पार्लमेंटच्या सरकारने जप्त करून विकलेल्या जमिनींवर मूळ मालकांना हक्क सांगता आला. पण दंड भरण्यासाठी ज्याने आपलं एखादं शेत स्वतः विकलं होतं, त्याची ती विक्री कायद्याने राजीखुशीची धरली. ते शेत गेलं ते गेलंच.